मैदान सुटलं, घड्याळ सुटेना

पत्राचा सारांश: अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली २२ वर्षांची मुलगी. सध्या जळगावात एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, कॉट बेसिसवर आणखी तिघींबरोबर राहते. पदवी करताना दोन वर्षं तिने पोलीस भरतीची तयारी केली. पहाटे साडेचारला उठून मैदान, ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. थोडक्या गुणांनी यादीतलं नाव हुकलं आणि मैदान सुटलं. गेल्या चार महिन्यांत रात्रीची झोप दिवसावर गेली आहे, रात्रीचे तीन वाजल्याशिवाय डोळा लागत नाही, तासिका बुडतात, मेसचा डबा अर्धा परत जातो, तरी 'चहा आणि खारीवर' वजन सहा किलो वाढलंय. व्यायामाचा गुण नैराश्याच्या गोळीइतकाच येतो, असं खोलीतल्या मैत्रिणीने कुठेतरी वाचलं. म्हणून ही एका पहाटे मैदानावर गेली आणि घड्याळ लावून ८०० मीटर पळाली. पूर्वी तीन मिनिटांच्या आसपास लागायची, या वेळी सव्वाचार लागली. पायऱ्यांवर बसून रडली आणि पंधरा दिवस खोलीबाहेर पडली नाही. आई फोनवर म्हणते, "घर ये, काम कर, बठ्ठं (सगळं) चांगलं व्हई जाई." तिचे प्रश्न असे: दोन वर्षं रोज पळूनही मला हे झालंच कसं? पळायला लागले की हे जाईल, की हे गेल्यावरच पळता येईल? डॉक्टरकडे न जाता व्यायामावर निभेल का? मधेच एक वाक्य ओझरतं येऊन जातं: "कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये." आणि शेवटी, ता. क.: "जुने बूट चालतील का?"

तुझ्या पत्रातलं ते ओझरतं वाक्य आधी घेते. सकाळी जाग येऊ नये असं वाटणं ही एक पायरी आणि स्वतःला काही करून घ्यावंसं वाटणं ही पुढची. दोन्ही एकमेकींपासून फार लांब नसतात. तू कुठे उभी आहेस ते पत्रावरून कळत नाही, म्हणून स्वतःलाच सरळ विचार: मरावंसं वाटतं का? तसा काही बेत डोक्यात येतो का? यातलं एकही 'हो' असेल तर हे उत्तर पुढे वाचू नकोस. खोलीतल्या एकीला आत्ताच सांग की मला एकटीला सोडू नकोस, आणि १४४१६ लाव. हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. तेवढाही धीर धरवत नसेल तर दोघींनी मिळून रिक्षा करायची आणि सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा.

दोन्ही उत्तरं 'नाही' असली तरी ते वाक्य डॉक्टरसमोर जसंच्या तसं म्हणायचं आहे. आपल्याकडे मुली तिथे जाऊन 'जरा थकवा येतो' एवढंच सांगतात आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन परत येतात.

म्हणजे तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं आलंच. उरलेलं अर्धं तुला स्वतःला मोजता येईल. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, एवढंच प्रत्येक प्रश्न विचारतो: कशात रस वाटत नाही, उदास वाटतं, झोप बिघडली, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य नैराश्य धरतात, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, विसापासून तीव्र. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, डॉक्टरांना भेटायचंच. हे निदान नव्हे, निदान डॉक्टरच करतात. ताप मोजायचा तसा हा आकडा. तुझ्या पत्रात जे आहे त्यावरून बेरीज दहाच्या खाली येईल असं मला वाटत नाही. आणि दहाच्या वर असताना फक्त व्यायामाच्या भरवशावर राहा असं मी सांगणार नाही. व्यायाम कर, पण उपचारासोबत.

आता पहिला प्रश्न. दोन वर्षं पळूनही हे झालंच कसं? यात तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस, की घाम गाळला म्हणजे तो मनाच्या खात्यावर जमा होतो, मग तो कुठेही, कशासाठीही गाळलेला असो. शरीराच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरंही आहे. मनाचं गणित वेगळं निघतं. नॉर्वेतल्या एका जिल्ह्यात सुमारे ४० हजार लोकांची पाहणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी आढळलं, मग तो व्यायाम हलका असो की जोराचा. कामावरच्या अंगमेहनतीचं मात्र तसं काही दिसलं नाही. त्यानंतरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये घेतला गेला, त्यातही फावल्या वेळातली हालचाल मनाच्या आरोग्याच्या बाजूने आणि कामावरचं कष्ट उलट बाजूने निघालं. आपल्याकडे हे समजायला नॉर्वेपर्यंत जायचीही गरज नाही. केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्याला किंवा कापूस वेचून कंबर मोडलेल्या बाईला दिवसभराच्या हालचालीने मन हलकं झालं का, ते विचारून बघ.

तुझं दोन वर्षांचं पळणं कुठल्या खात्यातलं होतं? पहाटेचं मैदान फावल्या वेळातलं नव्हतं, ती बिनपगारी नोकरी होती. ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. प्रत्येक सकाळी ५० पैकी किती, याचा हिशोब. पावलागणिक कुणीतरी शिट्टी घेऊन उभं. त्या पळण्याने तुझं हृदय मजबूत केलं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण निकाल लागला त्या दिवशी पगार बंद झाला, आणि पळणं या गोष्टीवर 'नापास' असा शिक्का बसला. म्हणून तुला झालेलं नैराश्य हा व्यायामाचा पराभव नाही, आणि तुझाही नाही.

आईचं म्हणणंही याच मापाने तपासायला हवं. ती चुकीचं सांगत नाही, हातपाय हलले की बरं वाटतं हा तिचा अनुभव आहे. फक्त घरचं काम म्हणजे पुन्हा पाणी, भाकरी, गोठा आणि 'भरतीचं काय झालं गं' विचारणाऱ्या शेजारणी. त्यापेक्षा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर उभ्या राहून तासन्‌तास झोके घेतात, कानबाईच्या सणाला रात्री फुगड्या घालतात, ते आठव. तेव्हा धाप किती लागते! पण किती फेऱ्या झाल्या हे कुणी मोजत नाही, आणि कमी झाल्या म्हणून कुणी पायऱ्यांवर बसून रडत नाही. मी ज्या व्यायामाबद्दल बोलतेय तो त्या झोक्याच्या घरातला.

मैत्रिणीने वाचलं तेही खोटं नाही, अर्धवट आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १५६ जणांवर एक प्रयोग झाला. एका गटाला व्यायाम, एकाला सर्ट्रालीन नावाची गोळी, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. गोळीचा परिणाम सुरुवातीला लवकर दिसला. पण बारकावे बघ. सगळे पन्नाशीपुढचे. आठवड्यातून तीनदा, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, गटाने, अर्धा तास सलग चालणं किंवा पळणं, शिवाय आधी-नंतर अंग मोकळं करणं. 'एकटीने पहाटे मैदानावर जाऊन रड' असा गट त्यात नव्हता. २००५ च्या दुसऱ्या एका प्रयोगात २० ते ४५ वयाचे लोक होते. आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास, एवढ्या मात्रेने नैराश्य बऱ्यापैकी उतरलं, कमी मात्रेचा परिणाम मात्र नुसत्या अंग ताणण्याच्या व्यायामाइतकाच निघाला. २०२४ मध्ये २१८ प्रयोगांचा एकत्र आढावा आला. त्यात चालणं किंवा हलकं पळणं, ताकदीचे व्यायाम आणि योगासनं यांचा गुण चांगला दिसला, पण त्यातले बरेच प्रयोग कच्चे होते हे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलंय.

या सगळ्यातून माझं मत असं झालंय: व्यायाम हा नैराश्यावरचा खरा उपचार आहे, फोडणीवरची कोथिंबीर नाही. पण त्याला मात्रा आहे, मुदत आहे, आणि तो घेण्यासाठी अंगात जी उभारी लागते तीच हा आजार काढून घेतो. भांडण व्यायामाशी नाही, 'ऐवजी' या शब्दाशी आहे.

तुझा दुसरा प्रश्न, आधी काय? आधी उत्साह येईल मग मी उठेन, असं आपण सगळे धरून चालतो, आणि निरोगी माणसाचं ते बऱ्यापैकी खरंही असतं. नैराश्यात गाडी उलटी जोडलेली असते. हालचाल आधी, बरं वाटणं नंतर, आणि तेही थोडंथोडं. मानसोपचारात यावर उभी असलेली एक पद्धत आहे. मनःस्थिती कशीही असो, ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी कृती करायची, आणि ती इतकी छोटी ठेवायची की वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल.

त्या पहाटे तू नेमकं उलट केलंस. मोजून बघू. रात्री तीनला झोपणारी मुलगी साडेचारला उठली, म्हणजे दीड तासाची झोप. नैराश्यात पुष्कळांना सकाळ सगळ्यात जड जाते, नेमकी तीच वेळ निवडली. जागा तीच, अंतर तेच, वर घड्याळ. चार महिने सराव नाही, सहा किलो वजन जास्त, पोटात बहुधा चहाच. या अवस्थेत सव्वाचार मिनिटांत ८०० मीटर पुरं होणं हे मला तरी पाय शाबूत असल्याचं लक्षण वाटतं. पण तू ते गुणपत्रिकेसारखं वाचलंस.

आता करायचं काय ते.

पहिले दोन आठवडे पळायचं नाही, चालायचं, दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. मैदान सोडून दुसरी वाट धरायची. दुपारी उन्हं कलल्यावर, हिवाळ्यात साडेपाच-सहाला. घड्याळ आणि फोनमधलं पावलं मोजणारं अॅप बंद. वेळ कळावी म्हणून पाच मिनिटांचा गजर लाव. तो वाजला की परत फिरायचं, झाली दहा मिनिटं. खोलीतून निघताना अगदीच नको वाटलं तर एक सवलत: पाच मिनिटं चालून परत येण्याचं वचन द्यायचं, पुढचं तिथे ठरवायचं. कपडे बदलणं हाच अडसर असेल, तर दुपारीच चालायचे कपडे घालून बस. बूट कॉटखाली नाही, दाराशी.

दहा मिनिटांनी आजार उतरणार नाही, हे वरच्या प्रयोगात आलंच. ही दहा मिनिटं औषधाची मात्रा नाही, बाटलीचं झाकण उघडण्याची सवय आहे. हे आधीच सांगते, कारण आठवड्याने तू म्हणशील, 'केलं की, काही फरक पडला नाही.'

फरक बघण्यासाठी वहीत तीन आकडे लिहायचे, प्रत्येक ० ते १० मधला. निघण्यापूर्वी मन कसं आहे, चालून आल्यावर कसं वाटेल असा तुझा अंदाज, आणि आल्यावर प्रत्यक्ष कसं आहे. नैराश्यातल्या माणसाचा अंदाज बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा खाली असतो. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा एकाने जरी वर गेला तरी तो लिहिलेला राहू दे. संध्याकाळी स्मरणशक्ती 'काहीच झालं नाही' अशी साक्ष देते तेव्हा वही उपयोगी पडते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस मिनिटं. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पाचव्या आठवड्यापासून तीस मिनिटं, पाच दिवस. आठवड्याला १५० मिनिटं झाली, की जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना जी किमान मात्रा सांगते तिथे तू पोहोचलीस. आणि खरी परीक्षा (हा शब्द नको होता!) या मात्रेवर चार-सहा आठवडे काढल्यानंतरची आहे. त्याआधी निकाल लावू नकोस.

पाचव्या आठवड्यानंतर पळावंसं वाटलं तर एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असे सहा फेरे. एक दिवसाआडच. तुझा दम लवकर परत येईल, कारण दोन वर्षांची पुण्याई आहे, पण हाडं आणि स्नायुबंध दमाच्या मागून येतात. नेमकी इथेच जुने पळणारे फसतात. छाती साथ देते म्हणून जुन्या अंतरावर जातात आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरते. व्यायामानंतर दोन दिवस मांड्या दुखणं साधं आहे. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असा एकाच जागी ठणका, रात्रीही दुखणारा, हे साधं नाही. पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखव. आणि एक गोष्ट तू लिहिली नाहीस, मीच विचारते. भरतीच्या काळात वजन कमी राहावं म्हणून खाणं तोडलं होतंस का? पाळी चुकायची का? पोट मारून पळणाऱ्या मुलींची पाळी थांबते आणि हाडं ठिसूळ होतात. सलग तीन महिने पाळी आली नसेल, तेव्हा किंवा आता, तर डॉक्टरांना तेही सांग.

आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे, खोलीतच. खुर्चीवर बसणं-उठणं, भिंतीला हात टेकून दंड, पुस्तकं भरलेली सॅक दोन्ही हातांनी कमरेपर्यंत ओढणं. प्रत्येकी आठ-दहा वेळा, दोन फेरे, पंधरा मिनिटांत संपतं. दोरीवरच्या उड्या नकोत, खालच्या मजल्यावरचे घरमालक दुसऱ्याच दिवशी वर येतील. सूर्यनमस्कार येत असतील तर सहापासून सुरुवात.

ऊन हा खान्देशात वेगळाच विषय आहे. मार्च सरता सरता संध्याकाळी सहालाही डांबर तापलेलं असतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा रात्री आठपर्यंत रस्ता वाफ सोडतो. त्या दोन-अडीच महिन्यांत पहाट टाळता येणार नाही. पण साडेचार नको, साडेपाच-सहा पुरे, आणि तोवर झोप थोडी जागेवर आणायला हवी. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, झोप कितीही वाजता लागलेली असो. आज अकराला उठत असशील तर साडेदहा, तीन-चार दिवसांनी दहा, असं अर्ध्या अर्ध्या तासाने मागे आणायचं, आणि उठल्या उठल्या गच्चीत किंवा बाहेर उजेडात पंधरा मिनिटं. दुपारी कॉटवर आडवं व्हायचं नाही. बसायचं तर खाली चटईवर. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी दोन ग्लास पाणी, घाम खूप आला तर आल्यावर ओआरएस. डोकं गरगरलं, मळमळलं, घाम येणंच थांबलं तर सावलीत थांबायचं, पुढे रेटायचं नाही. नैराश्याच्या काही गोळ्यांनी घाम जास्त येतो, त्या सुरू असतील तर हे आणखी सांभाळायचं.

जागा कोणती, हा मुलींसाठी छोटा प्रश्न नाही. निर्जन वाट शांत असते म्हणून बरी वाटते, पण ती नको. मेहरूण तलावाकडे संध्याकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते. कॉलेजच्या आवारातले रस्तेही चालतील. भरतीची पोरं जिथे सराव करतात तिथे निदान दोन महिने नाही. बाहेर जाणं शक्यच नाही अशा दिवशी जिना: तीन मजले चढ-उतर, सावकाश, दहा मिनिटं.

एक मैत्रीण सोबत घे. पण तिला हे दाखव: "चल, ऊठ, किती आळशी झालीस" हे वाक्य बंद. त्याऐवजी, "मी खाली जाते, दोन मिनिटं थांबते, आलीस तर आलीस." चिडवून उठवलेलं माणूस एकदा उठतं, दुसऱ्यांदा दार लावून घेतं. चालताना वेगाबद्दल, वजनाबद्दल, भरतीबद्दल बोलणं नाही. शेवभाजी कुठली चांगली यावर वाद घाला.

दिवस चुकणार. ताप येईल, पाळीत पोट दुखेल, अंतर्गत परीक्षा येतील, काही दिवशी नुसतंच जमणार नाही. चुकलेल्या दिवसाने नुकसान होत नाही, त्यानंतरच्या शरमेने होतं. पंधरा दिवस तू खोलीबाहेर पडली नाहीस ते पाय दुखत होते म्हणून नव्हे. तेव्हा आत्ताच ठरवून ठेव: खंड पडला तर थांबलीस तिथून नाही, त्याच्या निम्म्यावरून सुरू. वीस मिनिटांवर होतीस तर दहा. भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही.

खाण्याचं थोडक्यात. चहा-खारीवर चालणाऱ्या शरीराला व्यायाम शिक्षाच वाटणार. निघण्याआधी तासभर एक केळ (जळगावात ते तरी महाग नाही), आल्यावर मूठभर शेंगदाणे नि गूळ. डब्यातली भाजी नको वाटली तरी भाकरी आणि वरण पोटात जाऊ दे. घरून दादरचं (ज्वारीचं) पीठ येत असेल तर तव्याची सोय होते का बघ.

डॉक्टर. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर पहिलं बोलणं तिथेही होऊ शकतं. जाताना पीएचक्यू-९ ची बेरीज आणि ती वही घेऊन जा. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर टाळू नकोस: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. थायरॉइड मंदावलं की थकवा, वजन वाढणं, उदासी, पाळी बिघडणं असं सगळं एकदम येतं, आणि बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत फार आढळते. हे न बघता पळत राहणं म्हणजे टाकीत पेट्रोल नसताना किक मारत बसणं.

गोळी सुरू झाली तर पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल होऊ शकतो, बहुतेकांचा तो ओसरतो. मनावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. सुधारल्यानंतरही साधारण सहा महिने ती चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. 'सवय लागते' असं जे म्हणतात ते झोपेच्या काही गोळ्यांबद्दल खरं आहे, नैराश्याच्या गोळ्यांची तशी नशा लागत नाही. पण एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड होते, आणि लोक त्यालाच सवय समजतात. गावात कळेल ही भीती असेल तर एवढं लक्षात ठेव: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. डॉक्टर ती परस्पर कुणाला सांगत फिरू शकत नाहीत.

चार आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा भर. पाच किंवा जास्त गुणांनी बेरीज उतरली तर आपण योग्य वाटेवर आहोत. तेवढी उतरली नाही, किंवा चढली, तर तो व्यायाम वाढवण्याचा इशारा नाही, उपचार बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलण्याचा आहे. ही चूक मैदानावर वाढलेली मुलं हमखास करतात. गुण आला नाही की आणखी दोन फेऱ्या.

आईला फोनवर हे सगळं समजावत बसू नकोस. तिच्या भाषेत एकच वाक्य सांग, "माय, ताप येस ना, तशीच ही बीमारी शे. तू मन्हा संगे दवाखानामा चाल." काम दिलं की आई सावरते. काळजी दिली की रात्रभर जागते.

भरती पुन्हा द्यायची की नाही, हा निर्णय आज नको. बेरीज दहाच्या खाली येऊन महिना-दीड महिना तिथे टिकली, की मग ठरव. तेव्हाही भरतीचा सराव वेगळा आणि संध्याकाळचं चालणं वेगळं, दोन्हींची सरमिसळ नको. भरती असो नसो, चालणं चालू राहिलं पाहिजे.

आणि तुझी ता. क. पत्रात पुढच्या दिवसाबद्दल विचारलेला तो एकच प्रश्न आहे, म्हणून मला सगळ्यात जास्त आवडला. पळण्याचे बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरपर्यंत साथ देतात. दोन वर्षं रोज पळालेले असतील तर ते कधीच संपलेत, वरून चांगले दिसले तरी. सपाट फरशीवर ठेवून मागून बघ. टाच एका बाजूला कलली असेल, किंवा तळव्याच्या मधल्या भागावर अंगठा दाबल्यावर तो लाकडासारखा लागत असेल, तर पळायला नकोत. चालायला पहिले चार आठवडे चालतील. नवे घ्यायचे ते पाचव्या आठवड्यात, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, जे मोजे घालून चालतेस तेच घालून, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून.